ओजेटीसाठी विभागाचा वाङ्मयीन अंक का नको?

प्रति,
मा. संपादक,
स. न.

कला शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ओजेटीसाठी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचे प्रशिक्षण) जागा मिळत नाहीत, ही आपल्या अंकातील बातमी वाचली. वाणिज्यवाल्यांना बँक आहे, विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा आहे. मराठीवाल्यांनी कुठे जायचे, असा प्रश्न बातमीत होता. मी मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. नोकरीत असताना महाविद्यालयाचा वार्षिकांकही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडे. म्हणून हा पत्रप्रपंच.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एम.ए.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे हे कार्यप्रशिक्षण आले. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात माझ्या ओळखीच्या एका मुलीने हे तास एका कार्यालयात जुन्या फायलींवर क्रमांक टाकण्यात घालवले. तिच्याच वर्गातला एक जण तर कुठेच गेला नाही; काकांच्या दुकानाचा शिक्का आणि सही घेऊन आला. गुण दोघांना सारखेच!

माझे म्हणणे एवढेच की, प्रत्येक विद्यापीठाच्या मराठी विभागाने वाङ्मयीन नियतकालिक चालवावे, वर्षाला दोनच अंक निघाले तरी चालतील, आणि त्यावरचे काम हेच विद्यार्थ्यांचे ओजेटी धरावे. मला अभिप्रेत आहे ते वार्षिकांकाहून वेगळे आहे. वार्षिकांकात प्राचार्यांचे मनोगत, गुणवंतांचे फोटो आणि आपल्याच मुलांच्या कविता असतात. त्यात नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. विभागाची संशोधनपत्रिकाही नको. यूजीसी-केअरच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य संशोधनपत्रिकांच्या, यादीत नाव यावे म्हणून मधल्या काळात अशा किती पत्रिका निघाल्या आणि त्या कोणी वाचल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या, अनोळखी लेखकांनी कथा-कविता पाठवाव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्या वाचून निर्णय घ्यावा, असा अंक हवा.

या कामात सर्वांत मोलाचे आहे ते पहिले वाचन. आलेल्या पन्नास कवितांतून चार ठेवायच्या असतील तर 'छान आहे', 'भिडली नाही' एवढ्याने भागत नाही. शेजारी बसलेल्या मुलाला नेमकी तीच कविता आवडलेली असते. मग कुठली ओळ सैल आहे, शेवटचे कडवे कशाला हवे, हे त्याला दाखवून द्यावे लागते. समीक्षेच्या पेपरात आठ गुणांसाठी पाठ केलेली 'आकृतिबंध', 'अनुभवाची सेंद्रियता' असली शब्दावली तिथे उपयोगी पडते की नुसती पोकळ ठरते, हे तासाभरात कळते. त्यानंतर नकाराचे पत्र लिहायचे. 'साभार परत' एवढे दोन शब्द लिहायचे की कारण द्यायचे? कारण द्यायचे तर ते पासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षकाला कोणत्या भाषेत द्यायचे, आणि पहिलीच कथा पाठवणाऱ्या विशीतल्या मुलीला कोणत्या? असे पत्र लिहायला आपण एम.ए.च्या दोन वर्षांत कुणालाही शिकवत नाही.

'सत्यकथा' हे वाङ्मयीन मासिक १९८२ साली बंद पडले, हे आमचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही तिच्या संपादकांची नावेही लिहितो. पण एखादी कथा चांगली होऊ शकते असे वाटले की हे संपादक लेखकाला सूचना कळवत आणि पुनर्लेखन करून घेत, ते नेमके कसे होत असेल, याची त्याला कल्पना नसते. प्रस्थापित मासिकांना नाकारून स्वतःचे छोटे अंक काढणाऱ्या लिटल मॅगझिनवाल्यांनी या संपादकशाहीविरुद्ध बंड केले तेही तो पाठ करतो. मात्र सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वस्तात अंक काढणाऱ्यांनाही काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे ठरवावेच लागत होते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

बाकीचे काम तपशिलाचे आहे, पण रोजगार त्यातच आहे. एक लेखक श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीत मजकूर पाठवतो, दुसरा युनिकोडमध्ये, तिसरा वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. ती निस्तरणे, मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार मुद्रिते तपासणे, आणि कथेतल्या वऱ्हाडी म्हातारीचे बोलणे मात्र त्या नियमांच्या तावडीतून सोडवणे, हे ज्याला जमते त्याला प्रकाशक शोधत येतात. वर्गणीदारांची यादी, टपाल, छापखान्याचे बिल ही कामेही विद्यार्थ्यांनी करावीत. मराठीतली बरीच नियतकालिके लेखक नाहीत म्हणून बंद पडली नाहीत, वर्गणी थकली म्हणून पडली.

विद्यार्थ्यांच्या हाती एवढा अधिकार कसा द्यायचा, असे विभागप्रमुख म्हणतील. शिकागो विद्यापीठातले 'शिकागो रिव्ह्यू' हे त्रैमासिक १९४६ पासून विद्यार्थीच चालवत आले आहेत. १९५८ मध्ये त्यांनी विल्यम बरोज या अमेरिकी कादंबरीकाराच्या लेखनाचे उतारे छापले, वृत्तपत्रात ओरड झाली आणि विद्यापीठाने पुढचा अंक अडवला. संपादक आयर्विंग रोझेन्थल आणि त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि अडवलेला मजकूर १९५९ मध्ये 'बिग टेबल' या नावाने बाहेर छापला. विद्यापीठाची अब्रू गेली ती अंक छापल्याने नव्हे, अडवल्याने, असे माझे मत. 'शिकागो रिव्ह्यू' त्यानंतरही विद्यार्थ्यांच्याच हाती राहिला. आपल्याकडेही वाद होतील. ते झाले तर निर्णय कोणाचा, हे पहिल्या अंकाआधीच लिहून ठेवावे. प्राध्यापकाने सल्लागार असावे, मजकुरावर कात्री चालवू नये.

अडचणी आहेत. १२० तासांत अंक निघत नाही. म्हणून एका विद्यार्थ्याने सगळे करण्याऐवजी एकच लेखन हाती घ्यावे आणि ते आल्यापासून छापून लेखकाच्या हाती पडेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. तास दोन सत्रांत वाटून द्यावेत. दुसरी भीती फुकटच्या राबणुकीची. मुले मिळाली म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्याचे पैसे वाचवायचे, असे होता कामा नये. विद्यार्थ्याचे नाव अंकाच्या श्रेयनामावलीत यावे आणि गुण देताना त्याने लिहिलेली वाचनटिपणे व पत्रव्यवहार तपासावा, हजेरीचा कागद नव्हे.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ नव्याने सुरू झाले आहे. याच गावी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून पारखून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. संपादनाचा एवढा जुना दाखला असलेल्या गावातल्या विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा, अशी माझी सूचना आहे. इतर विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांनीही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. छपाईला निधी नाही असे उत्तर आले, तर पहिले दोन अंक पीडीएफच काढावेत.

आपली,
एक निवृत्त मराठी प्राध्यापिका, सातारा