मावशी, ते गहू आधीच निवडलेले होते

मावशी,

तू आता नाहीस तरी लिहितोय, कारण परवा आईने एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा, बाबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन. चौदा-चौदा तास भट्टीत कोळसा मारायचा आणि मागणी काय, तर आठ तास ड्युटी अन् बोनस! देशभरातले सतरा लाख कामगार, त्यांच्याशी नीट बोलायचं सोडून सरकारने संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिसांना संपाआधीच २ मेला उचललं, मग मिसा, डीआयआर हे अटकेचे कायदे लावले, हजारो लोक आत. बाबा केळीच्या बागेत लपून झोपायचे. आणि एका दुपारी आमच्या क्वार्टरला कुलूप लागलं, ट्रंक, गाद्या, धाकटीचा पाळणा सगळं रस्त्यावर, वर मे महिन्यातलं भुसावळचं ऊन.

सख्ख्या काकांनी दारातूनच परत पाठवलं, म्हणे पोलिसांचं झेंगट नको. ते मी अजून विसरलो नाही. तू ना नात्यातली ना रेल्वेतली, पण काही न विचारता आईच्या हातातली ट्रंक घेतलीस आणि घराकडे चालायला लागलीस.

दोन खोल्या, तुमची पाच माणसं, त्यात आम्ही तिघं. आईला फुकटचा घास गिळवेना, जेवायचीच नाही ती. तेव्हा तू सूपभर गहू तिच्यापुढे ठेवलेस, "मले काही दिसत नाही माय आता, एवढे निवडून दे." मग ती जेवली. रोज निवडायची, रोज जेवायची. परवा आई म्हणाली, अरे त्या गव्हात एक खडा नसायचा, ती पहाटे उठून आधीच निवडून ठेवायची, मी एकदा पाहिलं होतं. आणि पाहिलंय हे तिनेही तुला कधी कळू दिलं नाही गं! मदत करणारे पुष्कळ भेटले पुढे, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून पहाटे उठणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

संप २७ मेला मागे घेतला, बाबांची नोकरी मात्र गेली ती गेलीच. १९७७ ला आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्यांना परत घेतलं, त्यांचेही उपकार आहेतच. त्या पहिल्या पगारात आईने तुझ्याकडे गव्हाचं पोतं पाठवलं, तीन दिवस बसून स्वतः निवडलेलं. मला तेव्हा वाटलेलं, साडी द्यायची सोडून गहू काय देते ही.

आत्ता कळलं मावशी.