किल्ली जास्त बसली म्हणे!

प्रिय श्री,

पत्र आणि त्या जुन्या लंबकाच्या घड्याळाचे फोटो पोचले. "किल्ली जास्त बसली, म्हणून बंद पडलंय," असं विकणाऱ्याने सांगितलं आणि तू ते मानलंसही! अरे, जास्त किल्ली बसून घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की किल्ली पुढे फिरत नाही, एवढंच. बहुतेक वेळा आत जुनं तेल वाळून चिक्कट झालेलं असतं, भरलेल्या स्प्रिंगलाही चाकं ढकलवत नाहीत. पण म्हणूनच सांगतो, मागचे स्क्रू खोलून बघायचा मोह आवर. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटंही सोलते आणि चाकांचे दातही. आधी ती हळूहळू उतरवावी लागते, आणि ते काम जाणकाराचं.

घड्याळ कुठलं, ते ओळखायचं मात्र तूच. तबकडीवर दोन भोकं आहेत, म्हणजे सहसा उजवीकडचं वेळेचं आणि डावीकडचं टोल्यांचं. काळी चकचकीत पेटी, बाजूला हिरवट खांब, म्हणून तू 'दगडी' लिहिलंस. उचलून बघ. फ्रेंच काळ्या दगडाचं घड्याळ उचलताना कंबर आठवते. हे हलकं असेल तर अमेरिकेच्या सेथ थॉमसचं 'ॲडमँटाइन' असू शकेल: लाकडावर सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा, पापुद्रा चिकटवलेला, ज्याचं पेटंट १८८० चं. (सेल्युलॉइड भसकन पेटतं, ज्योतीपासून लांब ठेव.) लंबक काढून ठेव, पेटी आडवी कर आणि तळ बघ. त्या काळात ही कंपनी साल उलटं छापायची आणि पुढे महिन्याचं इंग्रजी अक्षर. '५०९१ सी' म्हणजे १९०५, मार्च! मी पहिल्यांदा असा आकडा वाचला तेव्हा अर्धा तास तो अनुक्रमांक समजून बसलो होतो.

यंत्राच्या आजूबाजूला रिकामी, जुनी स्क्रूची भोकं दिसली तर सावध हो. एकाची पेटी, दुसऱ्याचं यंत्र, असं विजोड जोडपं असू शकतं. चालेल कदाचित छान, पण अस्सल म्हणून पैसे मोजायचे नाहीत.

आता माझा पराक्रम ऐक. माझ्या पहिल्या घड्याळाची रुपेरी तबकडी काळवंडलेली वाटली, म्हणून मी पितळेच्या पॉलिशने घासली. फडकं काळं झालं, मी खूश. दुसऱ्या फेरीला आकड्यांमधून पिवळं पितळ डोकावलं. ती चांदी म्हणजे चोळून चढवलेली नुसती झाक असते, काजळासारखी पुसली जाते. तेव्हापासून तबकडीला मऊ, कोरडा ब्रश, बस्स.

गंज सोडवायचा स्प्रे यंत्रात अजिबात मारू नकोस. काही दिवसांनी तो चिकटतो आणि धूळ धरून ठेवतो. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं. तेही साफसफाईनंतरच, सुईच्या टोकावरच्या थेंबाइतकं आणि मुख्यतः चाकांच्या आसांच्या टोकांना. चाकांच्या दातांना तेल लागत नाही.

दुरुस्त होऊन आलं की लंबक लावून कान दे. टिक आणि टक यांच्यात सारखं अंतर हवं. 'टिक-टक… टिक-टक…' असं लंगडत असेल तर काही मिनिटांत थांबणारच. पेटीच्या एका टोकाखाली पोस्टकार्डाची घडी सरकव, नाही जमलं तर दुसऱ्या टोकाखाली. चाल एकसारखी झाली की दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं. मग लंबकाला ढकलणारी मागची तार अगदी किंचित वाकवायची. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचं नट फिरवून गोळा जरा वर घे.

काटे उलटे फिरवू नकोस, बाराच्या आसपास तर नाहीच. पुढे नेताना दर तासाचे टोले पूर्ण वाजू दे, नाहीतर काटे तीन दाखवतील आणि टोले सात पडतील.

तळाचा आकडा वाचलास की लगेच कळव. फोटो थोडा तिरक्या उजेडात काढ, शाई पुसट असते.

तुझा,
अनंत

ता.क. घड्याळ दुरुस्तीला नेताना लंबक वेगळा, कापडात गुंडाळून ने. लंबक लटकता ठेवून हलवलंस तर वरची कागदासारखी पातळ पट्टी वाकते, आणि मग ती लंगडी चाल कायमची!