गुडघ्याचे वंगण आणि जाहिराती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सध्या गुडघेदुखीवरच्या एका तेलाची जाहिरात येते. ते चोळले की सांध्यातले संपलेले वंगण परत येते म्हणे. औषधांविषयी खोटे दावे करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आहे. त्याचे काय करायचे ते आपण पाहालच. पण आमच्या शेजारच्या काकूंनी ती वाचून तेल तर मागवलेच, वर अंबाझरीला फिरायला जाणेही बंद केले. "ग्रीसच नाही राह्यलं तर चालून अजून घासायचं कायले?" मला तेलापेक्षा हा हिशेब जास्त घातक वाटतो.

निरोगी गुडघ्यातही हा द्रव असतोच किती? चहाच्या एका चमच्याहून कमी. सांध्याभोवतीच्या पिशवीचे आतले अस्तर तो सतत तयार करते, आणि तो शोषलाही जात असतो. उलट दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो वाढलेला असतो. 'गुडघ्यात पाणी झाले' म्हणतात ते हेच. हे पाणी नेहमीपेक्षा पातळ असते, एवढे मात्र खरे. वरून चोळलेले तेल त्या पिशवीत शिरून वंगण बनत नाही. चोळण्याने, शेकण्याने बरे वाटते, त्याला घरचे तिळाचे तेलही चालते.

झीज होते ती कूर्चेची, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर असलेल्या काही मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत थराची. एक्स-रेत हा थर दिसत नाही. दोन हाडांमधली जागा दिसते, आणि तिच्यावरून डॉक्टर 'गॅप कमी झालाय' म्हणतात. या थरात रक्तवाहिन्याच नसतात, तो पोसला जातो त्याच चमचाभर द्रवावर. पाऊल टेकले की कूर्चा दबते आणि तिच्यातले पाणी बाहेर येते. पाऊल उचलले की स्पंजासारखी ती ते परत ओढून घेते. म्हणजे गुडघा जपायचा म्हणून दिवसभर दिवाणावर बसणारा माणूस आपल्या कूर्चेला उपाशी ठेवत असतो. शिवाय मांडीचे स्नायू वाळतात ते वेगळेच, आणि गुडघा सावरून धरण्याचे काम मुख्यतः त्यांचे.

शाळेत आम्ही गुडघ्याला बिजागरीचा सांधा म्हणून शिकवून मोकळे होत असू. तो तेवढा साधा नाही. खुर्चीत बसा, नडगीवर हात ठेवा आणि पाय सावकाश सरळ करा. अगदी शेवटी नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळते आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून ताठ उभे राहायला मांडीला फार कष्ट पडत नाहीत. वाकताना गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू तो पुन्हा मोकळा करतो. ज्यांचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही त्यांची मांडी नुसते उभे राहूनही भरून येते, ती यामुळेच.

जिना चढणे, उकिडवे बसणे यात गुडघ्यावर सपाटीवर चालण्यापेक्षा कितीतरी जास्त भार येतो, ते जरूर कमी करावे. पण सेमिनरी हिल्स सोडली तर आपले नागपूर बहुतेक सपाटच आहे. मे महिन्यात उन्हाआधी निघावे, एवढेच. गुडघा अचानक सुजला, अडकला किंवा सोबत ताप आला, तर मात्र थेट डॉक्टर गाठावा.

माझी विनंती एवढीच, की त्याच पानावर खुर्चीत बसून करायचे मांडीचे व्यायाम चित्रांसह छापा. मेडिकल कॉलेजमधले फिजिओथेरपीचे जाणकार ते नक्की सांगतील. आणि अक्षरे मोठी ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांचे डोळेही त्याच वयाचे असतात.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर