मुंग्या आल्या की लगेच इंजेक्शन कशाला?

महोदय,

पायाला मुंग्या येतात म्हटलं की आपल्याकडे गावोगावी व्हिटॅमिन बी-१२चं लाल इंजेक्शन टोचलं जातं. मग रक्तातली पातळी वाढलेलीच दिसते आणि मुळात कमतरता होती का, हे कळायचा मार्ग बंद होतो. रक्त आधी घ्यावं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं तर नक्कीच.

तपासणीला यंत्र लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून १० ग्रॅमचा नायलॉन तंतू वाकेपर्यंत तळव्याला टेकवायचा (घट्ट्यावर नको, निकाल फसतो), १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा काटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर धरायचा, आणि स्पर्श, कंप जाणवतो का ते विचारायचं. दोन्ही पायांत बोटांपासून वर चढणारी बधिरता बहुधा साखर, दारू किंवा बी-१२ची. पण सुन्न चट्टा असेल, कोपरामागची नस जाड लागत असेल, तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे आधी कुष्ठरोग आठवावा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाने पायांची आग कमी होते, गेलेली संवेदना परतत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर डोसही कमी लागतो. पऱ्हाटीचं खुंट तळव्यात घुसलं तरी संवेदना गेलेल्यांना कळत नाही. वावरात बंद जोडा घालावा, रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहावेत.

— एक वैद्यकीय अधिकारी, जि. यवतमाळ