आधी फोन, मग हात

दादर, मुंबई

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी रुग्णालयातली रात्रपाळी संपवून तू लोकलने सरळ घरी आलीस, कोपरापर्यंत साबणाने हात धुतलेस आणि त्याच हातांनी फोन उचलून ताटाशेजारी ठेवलास. त्या वेळी बोलले असते तर तुझे जेवण अर्धवट राहिले असते, म्हणून हे पत्र.

प्रयोगशाळेत असताना आम्ही तिघींनी एकदा जेवणाच्या सुट्टीत, वरिष्ठांना न सांगता, आपापले बटणांचे फोन ब्लड अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर हलकेच टेकवले आणि त्या प्लेट 37 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर बटणांच्या रांगा ओळखू येत होत्या. बहुतेक कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, पांढऱ्या, म्हणजे कातडीवर एरवीही सुखाने नांदणाऱ्या जंतूंच्या होत्या. पण पाचाच्या बटणाजागी एक सोनेरी कॉलनी होती आणि तिच्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ वलय पडले होते. जंतू ओळखायची कोअॅग्युलेज चाचणी लावली, तेव्हा तो जखमा पिकवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, त्यामुळे तो माझ्याच नाकातून आला असावा.

फोनवर संडासाच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात, हा मजकूर तुझ्या मावशीने मला चार वेळा पाठवला आहे. मला ती तुलना पटत नाही, कारण जंतू किती यापेक्षा कोणते आणि ते कोणापर्यंत पोहोचतात हे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये 2011 साली बारा शहरांत झालेल्या पाहणीत सहापैकी एका फोनवर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सापडला होता, आणि ती शौचानंतर हात नीट न धुतल्याची खूण होती. आपल्या स्वतःच्या जंतूंचे आपल्याला सहसा काही होत नाही; तेच जंतू तुझ्या फोनवरून हातावर आणि हातावरून ओल्या जखमेपर्यंत गेले, तर तो रुग्ण रुग्णालयात कित्येक दिवस जास्त अडकतो.

पुसताना 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घे. शुद्ध अल्कोहोल जास्त कडक म्हणून आणू नकोस, कारण जंतूंची प्रथिने बिघडवायला पाणीही लागते आणि शुद्ध अल्कोहोल फार लवकर उडून जाते. फोन बंद करून ते मऊ कापडावर घे, फोनवर फवारू नकोस. काचेवरचा तेलकट थर आधी निघाला पाहिजे, नाहीतर जंतू त्याच्या आडोशाला राहतात. कव्हर काढल्यावाचून पुसणे व्यर्थ आहे; मुंबईच्या दमटपणात त्याच्या कडेला घामाची जी काळी रेघ धरते, ती मी रविवारी तू झोपलेली असताना पाहिली. जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुने नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जंतूच्या बीजाणूंवर, म्हणजे त्याच्या टणक कवचातल्या रूपावर, मात्र अल्कोहोल चालत नाही, तेव्हा तसा जुलाबाचा रुग्ण असेल तिथे फोन खिशातून काढूच नकोस आणि नंतर हात साबण-पाण्यानेच धू. घरी आल्यावर आधी फोन पुसायचा आणि मग हात धुवायचे.

फोनचे मॉडेल कळव, म्हणजे साधे, गुळगुळीत कव्हर घेऊन ठेवते. ते खड्यांचे कव्हर लग्नाकार्याला वापर.

तुझी,
आई