रस्ता उंच, जोतं खाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै-ऑगस्टात झड लागली की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते : ‘संततधार पावसाने मातीच्या घराची भिंत कोसळली’. तलाठी येतात, पंचनामा होतो, विषय संपतो. दोष पावसाचा आणि मातीचा. ज्या रस्त्याचं पाणी त्या भिंतीच्या पायात मुरलं, त्याचा उल्लेख मी अजून वाचलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी आणि माझे यजमान बुटीबोरीची नोकरी आणि भाड्याच्या खोल्या सोडून समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. वाटणीत आजेसासऱ्यांचं घर आलं होतं. पुढे छपरी, मग माजघर, मागे सांदवाडी; पांढऱ्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, वर सागाच्या मयाली, म्हणजे तुळया, आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं. बरीच वर्षं कुलूप होतं. नातेवाइकांचं एकमत : “पाडा अन् स्लॅब टाका.” पाडायला मन होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर स्लॅबपुरते पैसेही नव्हते.

सुरुवात छपरापासून केली. गावरानी कवेलू करणारा कुंभार आता आमच्याकडे उरला नाही, भट्टीवर विटा भाजतात. पाडलेल्या घरांचे कवेलू विकत मिळाले. कवेलू फेरणारी, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचणारी, माणसंही म्हातारीच. फेरून झाले, की वानरांची टोळी एका दुपारी या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत जाते आणि पुन्हा आभाळ दिसायला लागतं. गावातल्या घरांवर टिना चढल्या त्या हौसेने नाहीत, वानरांपायी चढल्या. मे महिन्यात भर दुपारी त्या टिनेखाली बसून पाहा म्हणजे कळेल. आम्ही कवेलूच ठेवले. वानरांवर उपाय अजून सापडलेला नाही.

मयाली मात्र एक सोडता सगळ्या खणखणीत निघाल्या. 2023 मध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता. इकडे गावोगावी घरं पाडून निघालेल्या सागाच्या मयाली पडेल भावात जातात, त्याचं कुणाला काही नाही.

खरी गोष्ट भिंतीची. रस्त्याकडच्या भिंतीला चुलतसासऱ्यांनी मागे कधीतरी सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. बाहेरून चकचकीत. यजमानांनी छन्नी लावली तसा मोठा पापुद्रा सुटून आला आणि मागची माती भिजवलेल्या कणकेसारखी बोटाने निघू लागली. गावातले जुने मिस्त्री पाहायला आले होते. म्हणाले, “सूनबाई, मातीले सिमेंट लावलं का ओल आतच कोंडते. मातीले मातीच पाह्यजे.” त्यांच्याच सांगण्यावरून गढीजवळची पांढरी माती आणली, त्यात गव्हाचं कुटार (भुसा) आणि शेण घालून भिजत ठेवली, पायांनी तुडवली, मुरू दिली आणि हाताने लिंपली. माझं लिंपण त्यांनी दोनदा काढायला लावलं. आतल्या भिंती छान वाळल्या. रस्त्याकडची वाळेना. दिवाळी आली तरी गुडघ्यापर्यंत ओल.

मग तिथेच कडेला खणलं, तर जोत्याचे दगड रस्त्याच्या पातळीखाली गेलेले. त्यावर मुरूम, त्यावर गिट्टी, त्यावर डांबर आणि सगळ्यात वर सिमेंट. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा छपरीत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आज रस्त्यावरून छपरीत उतरावं लागतं! दर वेळी नवा रस्ता जुन्याच्या डोक्यावर होतो, कारण जुना खोदून काढायचा खर्च अंदाजपत्रकात नसतो. नाली झाली ती पलीकडच्या बाजूला, आणि रस्त्याचा उतार आमच्याकडे. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरची भिंत पायातून भिजत राहिली तर कधीतरी बसणारच. आम्ही भिंतीलगत चर खोदून त्यात दगडगोटे भरले आणि पाणी सांदवाडीकडे काढलं. त्यावर ग्रामपंचायतीतून विचारणा आली, रस्ता का फोडला? तो पट्टा नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्याच घर-जागेच्या नोंदीत, आमच्याच नावे आहे, हे कागद नेऊन दाखवावं लागलं.

सरकारचा हिशोबही पाहा. घरकुल योजनेत मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये मिळतं, ते नवं घर बांधण्यासाठी. उभं घर नीट करायला त्यातून काही नाही. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या आपत्ती मदतीच्या निकषांत कच्चं घर पूर्ण पडलं तर सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि अंशतः पडलं तर 4 हजार. 4 हजारांत मिस्त्रीची मजुरी तरी निघते का? ज्याच्या घराची एकच भिंत गेली आहे त्याने उरलेल्या तीन सांभाळाव्यात, असं या आकड्यांत काही नाही. घरकुल घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांचं छप्पर डोक्यावर येतं आहे त्यांनी काय करावं?

पण माती टिकत नाही, हे मात्र कुणी वर्धा जिल्ह्यात तरी म्हणू नये. सेवाग्रामची बापू कुटी 1930 च्या दशकातली, मातीच्याच भिंतींची, कवेलूचीच. तिथे पावसाळ्याआधी भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात, कवेलू फेरतात, आणि कुटीच्या जोत्यावर कुणी रस्ता चढवत नाही.

आमच्या गल्लीत पुन्हा सिमेंट रस्ता मंजूर झाल्याचं ऐकते. जुना थर खोदून काढावा, नवा रस्ता जोत्यांच्या खाली ठेवावा आणि नाली आमच्या बाजूनेही करावी, असा अर्ज गल्लीतल्या घरांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच घेतली आहे. आपल्या वार्ताहरांना विनंती की पुढच्या वेळी भिंत पडल्याची बातमी करताना शेजारचा रस्ता जोत्यापेक्षा किती उंच आहे, तेही मोजून लिहावं.

आपली,
एक वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा