दुधाळ मेंढीला नुसती पेंड वाढवून चालत नाही

महोदय,

दूध घटले की प्रथिनांसाठी पेंड वाढवायची, हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. मेंढीच्या दुधात साधारण साडेपाच टक्के प्रथिने असतात. म्हणजे लिटरमागे सुमारे 55 ग्रॅम. खाल्लेले सगळे प्रथिन दुधात उतरत नसल्याने खुराकातून त्याच्या दुपटीहून अधिक द्यावे लागते. म्हणून व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत आहाराच्या शुष्क भागात (पाण्याचा अंश वगळून उरणाऱ्या) 15-16 टक्के प्रथिने हवीत. पुढे दूध उतरेल तशी ती कमी करावीत.

खरी मेख ऊर्जेत आहे. कोटीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) जिवाणू प्रथिनांपासून सुटलेला अमोनिया वापरतात, पण त्यासाठी त्यांना धान्याचा पिष्टमय भाग हवा. तो नसेल तर अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि त्यातही मेंढीची ऊर्जा खर्च होते. दुधातील युरियाची तपासणी केली तर ही उधळपट्टी लगेच दिसते. मात्र धान्याचा भरडा एकदम वाढवू नये, आम्लता होते; दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवावा आणि दोन वेळांत विभागून द्यावा. आधी सुका चारा, मग भरडा.

बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड तर टाकूनच द्यावी. तिच्यातले अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते. आणि गायींचे तयार खाद्य मेंढ्यांना घालणे थांबवावे. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठते आणि एके दिवशी लघवी लालसर-काळी होऊन जनावर दगावते.

- एक पशुआहार सल्लागार